भारहीन सहा मिनिटांचं बिल किती येतं?

उपकक्षीय रॉकेटवर नमुना पाठवायचं डोक्यात आलं की बहुतेक जण आधी किलोमागे दर विचारतात. दर कळतो, छातीत धस्स होतं आणि फाइल कपाटात जाते. दुसरी गत याहून वाईट. दर परवडतो, अनुदान मंजूर होतं, आणि दोन वर्षं राबून झाल्यावर लक्षात येतं की आपल्याला जे बघायचं होतं ते सहा मिनिटांत घडणारच नव्हतं. म्हणून या लेखात दरपत्रक जरा उशिरा येईल. आधी सेकंदांचा हिशेब.

मिश्रधातू, काच, धातूचा फेस, स्फटिक, पॉलिमर अशा पदार्थांवर काम करणारे प्राध्यापक, संशोधक विद्यार्थी आणि छोट्या कंपन्या यांच्यासाठी हे लिहिलं आहे. रॉकेटची हौस म्हणून वाचणाऱ्यालाही मज्जाव नाही.

उंची किती, मिनिटं किती

उपकक्षीय रॉकेट पृथ्वीभोवती फिरत नाही. वर जातं, कमान टाकतं आणि खाली येतं. मोटर जळून संपली आणि हवा मागे पडली की पेलोड मोकळा पडत असतो. वर जातानासुद्धा तो पडतच असतो, फक्त वेगाची दिशा अजून वर असते. अडीचशे किलोमीटरवर पृथ्वीचं गुरुत्व जमिनीवरच्या ९२ टक्के शिल्लक असतं. वजन नाहीसं होतं ते सगळंच एकत्र पडत असल्यामुळे. पेलोडची गिरकी थांबवलेली असेल तर आतल्या नमुन्याला गुरुत्वाचा दहा हजारावा भाग किंवा त्याहूनही कमी जाणवतो.

ही मिनिटं ठरवते उंची. शंभर किलोमीटरपर्यंत हवेचा थोडाफार अडथळा असतो, त्यामुळे हिशेब तिथून पुढे धरायचा. अडीचशे किलोमीटरचं शिखर म्हणजे वरचे दीडशे किलोमीटर, आणि त्यात जाऊन-येऊन सुमारे सहा मिनिटं मिळतात. बारा मिनिटं हवी असतील तर त्या दीडशेचे सहाशे करावे लागतात, म्हणजे शिखर सातशे किलोमीटरवर न्यावं लागतं. वेळ दुप्पट करायला उंची चौपट. मोठं रॉकेट इतकं महाग का पडतं, त्याचं उत्तर या एका ओळीत आहे.

जर्मनीचं टेक्सस १९७७ पासून उडतं. स्वीडनच्या उत्तर टोकाला किरुना गाव आहे, त्याच्या पूर्वेला एसरेंज तळ. तिथून ते सुटतं आणि सहा मिनिटं देतं. हल्ली ते व्हीएसबी-३० या ब्राझीलच्या रॉकेटवर बसून जातं. स्वीडिश मेसर १९८७ पासून त्याच तळावरून त्याच पट्टीत उडतं, आणि आता सबऑर्बिटल एक्स्प्रेस या नावाने जागा व्यापारी तत्त्वावर विकली जाते. बारा-तेरा मिनिटांचं मॅक्सस शेवटचं उडालं २०१७ मध्ये, त्यामुळे जुन्या शोधनिबंधात मॅक्सस वाचून बेत आखला असेल तर तो खोडा. अमेरिकेत ब्लू ओरिजिनच्या न्यू शेपर्डची कमान शंभर किलोमीटरच्या जरा वर जायची आणि तीन मिनिटं द्यायची, पण जानेवारी २०२६ मध्ये कंपनीने ही उड्डाणं थांबवली. व्हर्जिन गॅलॅक्टिकचं युनिटी विमान जून २०२४ च्या उड्डाणानंतर निवृत्त झालं.

आपल्याकडे काय? आरएच-५६० हे इस्रोचं रॉकेट शंभर किलो घेऊन पावणेपाचशे किलोमीटरच्या आसपास जाऊ शकतं. कागदावर मिनिटं भरपूर. पण रोहिणी मालिकेतली ही रॉकेटं वातावरण आणि आयनमंडल मोजण्यासाठी घडवलेली आहेत. मोजमाप रेडिओवरून खाली येतं, पेलोड समुद्रात जातो. आपल्याला नमुना हातात परत हवा असतो, त्याचा काप घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा असतो. स्कायरूटचं विक्रम-एस १८ नोव्हेंबर २०२२ रोजी श्रीहरिकोट्याहून ८९.५ किलोमीटरपर्यंत गेलं. भारतातलं पहिलं खासगी रॉकेट म्हणून त्याचं कौतुक आहेच, पण आपल्या कामाची मिनिटं तेवढ्या उंचीत मिळत नाहीत. पदार्थप्रक्रियेसाठी नमुना वर पाठवून परत आणायचं काम इस्रोने केलं ते कक्षेतून. जानेवारी २००७ मध्ये पीएसएलव्ही-सी७ ने एसआरई-१ ही साडेपाचशे किलोची कुपी वर नेली. बारा दिवसांनी ती बंगालच्या उपसागरातून उचलली. तिच्यातल्या भट्टीत धातू वितळवून पुन्हा घट्ट करण्याचा प्रयोग होता. दुसऱ्या प्रयोगात जमशेदपूरच्या राष्ट्रीय धातुविज्ञान प्रयोगशाळेचा सहभाग होता.

नमुन्याला किती वेळ लागतो?

द्रवरूप धातूत अणू आपणहून, नुसत्या विसरणाने, किती सरकतात? विसरण गुणांक साधारण ५ × १०⁻⁹ चौरस मीटर दर सेकंद धरा. सहा मिनिटांत सरासरी सरकण येते दोन मिलिमीटरच्या आत. जमिनीवर हेच मोजायला गेलात तर द्रवात उष्णतेने उठणारे प्रवाह हे दोन मिलिमीटर कधीच गिळून टाकतात आणि हातात येतो तो विसरणाचा नव्हे, ढवळण्याचा आकडा. रॉकेटवर तो ढवळणारा हात थांबतो. म्हणजे द्रवधातूतलं विसरण हे सहा मिनिटांचं काम. नमुना मात्र नळीत भरलेला, मिलिमीटरांत मोजायचा.

अशी आणखी कामं आहेत. मिश्रधातू घट्ट होताना त्यात झाडाच्या फांद्यांसारखे स्फटिक फुटतात, ते कसे वाढतात हे बघणं. धातूच्या फेसातले बुडबुडे खाली निथळणाऱ्या द्रवाविना कसे फुटतात किंवा एकत्र होतात ते बघणं. वितळलेला थेंब भांड्याला न टेकवता विद्युतचुंबकीय गुंडाळीत तरंगता ठेवून त्याचा चिकटपणा आणि पृष्ठताण मोजणं. तरंगवायचं काम जमिनीवरही होतं, पण वजन पेलायला इतकं जबर क्षेत्र लागतं की तेच थेंबाला घुसळून काढतं. टेक्ससवर ही गुंडाळी नेली तेव्हा थोडक्या क्षेत्रात भागलं.

सहा मिनिटांत न होणारी कामंही सांगतो. प्रथिनांचे मोठे स्फटिक वाढवायला दिवस लागतात. अर्धवाहकाची कांडी सावकाश ओढायची असेल तर तास लागतात. 'अवकाशात बनवलेलं उत्पादन' विकायचा विचार असेल तर उपकक्षीय रॉकेट विसरा. तिथे उत्पादन होत नाही, उत्तर मिळतं. वर्दा या अमेरिकी कंपनीने रिटोनाविर या औषधाचे स्फटिक वाढवले ते कक्षेत, आणि तिची पहिली कुपी जून २०२३ मध्ये गेली ती फेब्रुवारी २०२४ मध्ये युटाच्या वाळवंटात उतरली. प्रयोग केव्हाच आटोपला होता, कुपी उतरवायच्या परवानगीची वाट बघण्यात महिने गेले.

आता एक जुनी गोष्ट, कारण ती पैशाशी जोडलेली आहे. अॅल्युमिनियम आणि इंडियम वितळवून एकत्र केले तर गार होताना दोघं वेगळे होतात आणि जड इंडियम तळाशी बसतं. वजनच नसेल तर बसणार कुठे, एकसारखं बारीक मिश्रण मिळेल, असा सरळ तर्क होता. १९७५ मध्ये नासाने स्पार नावाची रॉकेटमालिका सुरू केली, न्यू मेक्सिकोतल्या व्हाइट सँड्सवरून. तिच्यावर हा नमुना गेला. परत आला तो कापून बघितला तर अॅल्युमिनियम मधोमध आणि इंडियम भोवतीने, भांड्याला लगटून. गुरुत्व गेलं, पण भांड्याला कोण आधी ओलं करतं याची चढाओढ आणि तापमानातल्या फरकामुळे पृष्ठताणाने होणारी ओढाताण, या दोन्ही गोष्टी आपापल्या जागी होत्याच. गुरुत्वाच्या गोंगाटात त्या आधी ऐकू येत नव्हत्या. शास्त्राच्या दृष्टीने हा निकाल सोन्यासारखा. पण अर्जात 'एकजीव मिश्रधातू तयार करू' असं लिहून पैसे घेतले असतील तर अहवाल लिहिताना घाम फुटेल. अर्जात उत्पादन लिहू नका, प्रश्न लिहा.

रॉकेटच्या आधीचे स्वस्त जिने

रॉकेटचं तिकीट मागणाऱ्या निम्म्या लोकांचं काम खालच्या पायरीवर भागेल असं माझं स्पष्ट मत आहे.

पहिली पायरी फुकट आहे. नमुना पातळ करा. कागदासारखा पातळ पत्रा आडवा ठेवून वितळवला तर त्यात प्रवाह उठायला जागाच उरत नाही. फेब्रुवारी २०१२ मध्ये मेसर १२ वर अॅल्युमिनियमचा, २० टक्के तांबं घातलेला, असाच पातळ नमुना क्ष-किरणांखाली घट्ट होताना चित्रित केला गेला. त्याची जमिनीवरची जोडही तशाच उपकरणात झाली. फरक दिसला म्हणून उड्डाणाला अर्थ आला. तुमच्या पातळ नमुन्यात जमिनीवर काहीच बिघडत नसेल तर वर जाऊन काय सुधारणार?

दुसरी पायरी ड्रॉप टॉवर. जर्मनीत ब्रेमेनच्या झार्म संस्थेचा १४६ मीटर उंच मनोरा १९९० पासून चालतो. ११० मीटरच्या निर्वात नळीतून कुपी सोडली की ४.७४ सेकंद मिळतात, खालून गुलेलीसारखी वर फेकली तर नऊ सेकंदांच्या वर. गुरुत्वाचा दहा लाखावा भाग, म्हणजे रॉकेटहूनही निवांत. खाली पॉलिस्टायरीनच्या गोळ्यांच्या पिंपात ती आदळते तेव्हा मात्र चाळीस-पन्नासपट झटका बसतो. आपल्याकडे आयआयटी मद्रासच्या ज्वलन संशोधन केंद्रात अडीच सेकंदांचा मनोरा आहे. अडीच सेकंदांत धातूची कांडी गोठणार नाही, पण छोटा थेंब गोठतो, ज्योत कशी वागते ते कळतं, आणि मुख्य म्हणजे आपलं उपकरण पडल्यावर चालू राहतं का ते कळतं. ही शेवटची माहिती फार स्वस्तात मिळते.

तिसरी पायरी विमान. फ्रान्समधल्या बोर्दोच्या नोव्हस्पेस कंपनीचं एअरबस ए-३१० एका उड्डाणात ३१ वेळा कमान टाकतं, दर वेळी २२ सेकंद. तीन दिवसांच्या मोहिमेत ९३ कमानी. बेरीज चौतीस मिनिटांची भरते, पण ती तुकड्या-तुकड्यांची, प्रत्येक तुकड्याच्या आगेमागे पावणेदोन-दोनपट वजन, आणि थरथर गुरुत्वाच्या शंभराव्या भागाएवढी. नाजूक स्फटिकवाढीला हे चालत नाही. मात्र माणूस सोबत जाऊ शकतो, त्यामुळे पंप अडला तर हाताने ठोकता येतो. रॉकेटवर ती सोय नाही.

आता दर

एक डॉलर ९० रुपयांचा धरून पुढचे रुपये काढले आहेत. तुमच्या वेळचा भाव लावून बदल करा.

न्यू शेपर्डवर अर्ध्या किलोच्या छोट्या पेटीचा शैक्षणिक दर ८,००० डॉलर असा जाहीर झाला होता. म्हणजे सात लाख वीस हजार. सुमारे अकरा किलोच्या मोठ्या लॉकरला एक लाख डॉलरच्या घरात, म्हणजे नव्वद लाख. व्हर्जिन गॅलॅक्टिकने संशोधनासाठी एका सीटच्या जागेचा भाव सहा लाख डॉलर सांगितला होता, पाच कोटी चाळीस लाख. या दरांवर विसंबून अर्ज करण्याआधी त्या यानाची उड्डाणं सुरू आहेत का आणि तुमचा क्रमांक कधी लागेल, हे लेखी विचारा. विमानात पर्यटकाची एक सीट गेली काही वर्षं आठ ते दहा हजार डॉलरला मिळते. संशोधनाचा रॅक बसवायचा दर वेगळा असतो. टेक्सस, मेसरसारख्या रॉकेटवर कोटेशन मागवावं लागतं, कारण तिथे वजनापेक्षा तुमचं मॉड्यूल किती वीज, किती डेटा आणि किती मदत मागतं यावर आकडा ठरतो.

तुलनेला आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक घ्या. नासाने २०२१ मध्ये व्यापारी वापरासाठी जाहीर केलेले दर असे: वर न्यायला किलोमागे २०,००० डॉलर, परत आणायला ४०,०००, आणि अंतराळवीराच्या एका तासाला १,३०,०००. दहा किलोचं उपकरण वर नेऊन परत आणलं आणि दोन तास माणूस लागला तर आठ लाख साठ हजार डॉलर, म्हणजे पावणेआठ कोटी. हेच दर २०१९ मध्ये ३,००० आणि ६,००० डॉलर किलोला आणि १७,५०० डॉलर तासाला होते. दोन वर्षांत सातपट. जुन्या सादरीकरणातला आकडा उचलून अर्जात घालू नका, याहून मोठा पुरावा त्याला लागू नये.

इथे एक मोह होतो, तो मिनिटामागचा भाव काढण्याचा. लॉकरचे नव्वद लाख भागिले तीन मिनिटं, म्हणजे मिनिटाला तीस लाख. स्थानकावर महिनाभर राहिलात तर मिनिटाला अठराशे रुपयेही पडत नाहीत. मग स्थानकच स्वस्त? तुमच्या प्रयोगाला तीन मिनिटं पुरत असतील तर उरलेला महिना तुमच्या काय कामाचा? रॉकेटवर नमुना उतरल्यावर दोनेक तासांत हेलिकॉप्टर तो परत आणतं, उड्डाणाच्या काही वेळ आधीपर्यंत पेलोडला हात लावता येतो, आणि माणसं असलेल्या यानाच्या कडक सुरक्षा अटी बिनमाणसी रॉकेटला बऱ्याच सैल असतात. वितळणारा धातू, क्ष-किरण नळी, हजार अंशांची भट्टी हे सगळं स्थानकावर मंजूर करून घ्यायला वर्षं जातात. खरी किंमत उत्तरामागे काढायची, मिनिटामागे नाही.

चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला

ही म्हण इथे शब्दशः लागू पडते. अंदाजपत्रक करताना तिकीट चार आणे धरा, बारा आणे बाकीच्याला. नव्वद लाखांचं लॉकर म्हणजे एकूण साडेतीन कोटींची तयारी. हा ठोकताळा आहे, पण त्याहून कमी धरणारे मध्येच अडकतात.

मसाल्यातला सगळ्यात मोठा जिन्नस म्हणजे भट्टी. उड्डाणाच्या क्षणी रॉकेट बारापट वजनाने ढकलतं, गिरक्या घेतं, थरथरतं. प्रयोगशाळेतली सिरॅमिकची नळी यात टिकत नाही. भट्टी हलकी हवी, बॅटरीवर चालणारी हवी, आणि वेळापत्रकाची गुलाम हवी. साधारण क्रम असा असतो: सुटण्याआधीच नमुना तापवायला घ्यायचा, चढताना वितळलेला ठेवायचा, मिनिट-सव्वा मिनिटाने भारहीनता सुरू झाली की द्रव शांत व्हायला थोडा वेळ द्यायचा, मग गोठवायला सुरुवात करायची आणि कमान संपायच्या आत नमुना पूर्ण घट्ट झालाच पाहिजे. कारण परत हवेत शिरताना दहा-वीसपटीच्या वर झटका बसतो. तेव्हा कोपऱ्यात जरी थेंबभर द्रव राहिला असेल तरी तो नमुन्यावर पसरतो आणि सहा मिनिटांत जे मिळवलं ते पुसून टाकतो. त्यामुळे सहातली खरी कामाची मिनिटं चार-साडेचारच धरा. तापमान उतरवायचा वेग त्यावरून ठरवा आणि नमुन्याची लांबी त्या वेगावरून.

लहान पेटीत भट्टी बसत नाही, वीजही पुरत नाही. तिथे एक सुरेख पळवाट आहे. काही पारदर्शक सेंद्रिय पदार्थ धातूसारखेच गोठतात, फांद्याही तशाच फुटतात, पण वितळतात गरम पाण्याच्या तापमानाला. सक्सिनोनायट्राइल ५८ अंशांना वितळतं. टेक्सस ४७ वर २००९ मध्ये गेलेल्या ट्रेस प्रयोगात तर निओपेंटिलग्लायकॉल आणि कापूर यांचं मिश्रण होतं. देव्हाऱ्यातल्या कापराचा हा नातलग रॉकेटवर मिश्रधातूची भूमिका वठवून आला. काचेची सपाट कुपी, दोन बाजूंना तापमानाचा फरक, एक छोटा कॅमेरा, एवढ्यात प्रयोग उभा राहतो, आणि नमुना फुटला तरी चित्रफीत हाती असते. पहिल्यांदाच जाणाऱ्याने धातूच्या मागे न लागता हीच वाट धरावी.

मग येतात चाचण्या. कंपनाची चाचणी पुण्याच्या एआरएआयमध्ये होते, वीजचुंबकीय गडबडीची नवी मुंबईत खारघरच्या समीर संस्थेत. दोन्हीकडे तारीख आधी घ्यावी लागते. एकाच फेरीत पास व्हाल असं धरू नका. कनेक्टर निखळतो, सोल्डर तडकतो, आणि पुन्हा पहिल्यापासून. म्हणून उपकरणाचे किमान दोन संच बनवा, एक उडणारा आणि एक घरी राहणारा. घरचा संच चैनीचा वाटतो आणि लेखापरीक्षक त्यावर बोट ठेवतोच. पण उड्डाणाचा तापमान-आलेख हाती आल्यावर तोच आलेख जसाच्या तसा जमिनीवर चालवून जोडनमुना काढायला तो लागतो. जोडनमुना नसेल तर तुमच्याकडे एक धातूचा तुकडा आहे, निकाल नाही.

परत आल्यावरचा खर्च तर बहुतेक अर्जांत नसतोच. काप घेणं, घासून चकचकीत करणं, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक, सीटी स्कॅन, आणि हे सगळं करणाऱ्या विद्यार्थ्याची दोन वर्षांची छात्रवृत्ती. नमुना एकच असल्याने कापायची घाई करू नका. आधी स्कॅन, मग करवत.

कागदपत्रं आणि हवामान

उपकरण परदेशी नेताना तात्पुरत्या निर्यातीसाठी एटीए कार्नेट सोयीचं पडतं. भारतात ते फिक्की देते. पण कार्नेटवर गेलेली वस्तू जशीच्या तशी परत यावी लागते, आणि तुमचा नमुना तर वितळून वेगळाच होऊन येणार आहे. म्हणून उपकरण आणि नमुने वेगवेगळ्या कागदांवर दाखवायचे का, हे कस्टम एजंटला आधीच विचारा. तुमच्या पेटीतलं काही स्कोमेट यादीत बसतं का तेही बघा. ती दुहेरी वापराच्या वस्तूंची यादी परकीय व्यापार महासंचालनालय सांभाळतं. अमेरिकेतलं यान असेल तर त्यांचे निर्यातनियम वेगळे, आणि परदेशी नागरिक म्हणून काही खोल्यांत तुम्हाला प्रवेशच नसेल. आपल्या पेटीला शेवटचा स्क्रू दुसऱ्याने लावायचा, ही तयारी मनाने आणि सूचनापुस्तिकेने दोन्ही ठेवा.

किरुना आर्क्टिक वृत्ताच्या वर आहे आणि मोहिमा बऱ्याचदा थंडीतच असतात. वारा जास्त असला की उड्डाण पुढे जातं, कधी एक दिवस, कधी पाच. राहण्या-जेवण्याचे पैसे ठरल्या दिवसांच्या दुप्पट धरा, परतीचं तिकीट बदलता येणारं घ्या, शेंगेन व्हिसावर दिवस शिल्लक ठेवा.

आणि सगळं सुरळीत होऊनही पेलोड भलतीकडे पडू शकतो. २४ एप्रिल २०२३ रोजी टेक्सस-५८ एसरेंजहून उडालं, अडीचशे किलोमीटरवर गेलं, आणि सीमा ओलांडून नॉर्वेत पंधरा किलोमीटर आत, डोंगरात उतरलं. कोणाला इजा झाली नाही, पेलोड हेलिकॉप्टरने परत आणला, पण नॉर्वेच्या परराष्ट्र खात्याने नाराजी कळवली. न्यू शेपर्डचं १२ सप्टेंबर २०२२ चं बिनमाणसी उड्डाण मोटरच्या नोझलमुळे फसलं. कुपी सुखरूप उतरली, आतले ३६ पेलोड वाचले, पण ठरलेली भारहीनता मिळाली नाही, आणि पुढचं उड्डाण व्हायला १५ महिने लागले. म्हणून करारात तीन कलमं डोळ्यांत तेल घालून वाचा: भारहीनता ठरल्यापेक्षा कमी मिळाली तर पैसे परत की पुन्हा जागा, पुन्हा जागा मिळाली तर त्या वेळच्या दराने की आजच्या, आणि उड्डाण वर्षभर पुढे गेलं तर तुमचे हप्ते थांबतात का.

पैसे कुठून

इस्रोच्या रिस्पॉन्ड योजनेतून विद्यापीठांना संशोधन अनुदान मिळतं. महाराष्ट्रात आयआयटी मुंबई आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ इथे इस्रोचे अवकाश तंत्रज्ञान कक्ष आहेत, आधी तिथे बोलून घ्यावं. नमुना परत नको असेल, नुसतं मोजमाप चालत असेल, तर पीएसएलव्हीचा चौथा टप्पा कक्षेत ठेवून केलेला पोएम हा मंच इन-स्पेस या सरकारी संस्थेमार्फत मिळू शकतो. तिथे मिनिटांचा तुटवडा नाही.

विद्यार्थ्यांना खरोखरच कमी पैशात जाता येतं. संयुक्त राष्ट्रांच्या अवकाश कार्यालयाच्या ड्रॉपटेस उपक्रमात निवड झाली तर ब्रेमेनच्या मनोऱ्यात प्रयोग करायला मिळतो. भारतातले संघ अर्ज करू शकतात. जर्मन-स्वीडिश रेक्सस हा रॉकेट उपक्रम युरोपातल्या विद्यापीठांत शिकणाऱ्यांसाठी आहे आणि तिथे उड्डाणाचं भाडं पडत नाही. रॉकेट लहान, भारहीनता दोन मिनिटांच्या आसपास. जर्मनीत एम. एस. करायला गेलेल्या आपल्या मुलांनी पहिल्याच सत्रात याची चौकशी करावी. संघ जमवून, अर्ज करून उडेपर्यंत दीड वर्ष सहज जातं.

चौकशीच्या पहिल्या पत्रात आठ गोष्टी घाला: नमुन्याचं वजन, पेटीची मापं, कमाल तापमान, लागणारी वीज, किमान किती सेकंद, किती थरथर चालेल, आत विषारी किंवा पेट घेणारं काय आहे, आणि उड्डाणाच्या किती आधी हात लावावा लागेल. एवढं असलं की उत्तर नेमकं येतं. 'आम्हाला सूक्ष्मगुरुत्वात रस आहे' असं पत्र गेलं तर रंगीत माहितीपत्रक येतं.

सरकारी संस्थेत खरेदीसाठी तीन कोटेशनं मागतात. सहा मिनिटं विकणारे जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, त्यामुळे एकमेव पुरवठादाराचं प्रमाणपत्र जोडायची तयारी ठेवा आणि त्यात उंची, मिनिटं, नमुना परत मिळण्याची सोय या तिन्हींचं तांत्रिक कारण लिहा. परदेशी रक्कम पाठवताना सीएचं प्रमाणपत्र लागेल, रुपया घसरेल म्हणून दहा टक्के जास्त धरा. आणि कोटेशन आल्या दिवशीच त्याची मुदत बघा, खरेदी समितीची बैठक त्या तारखेच्या आत लागते का ते खरेदी विभागात जाऊन स्वतः विचारा.